झडपेला तार

इंजिनावरची झडप पुन्हा किंचाळली आणि मंत्र्यांचं भाषण तिसऱ्यांदा तुटलं.

"ह्या मातीनं... ह्या लाल मातीनं आपल्याला..." मंत्री थांबले. वाफ थांबेना. मांडवातल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. काहीजण तर सुटल्यासारखे दिसले.

डिचोलीजवळच्या एका बंद खाणीत पर्यटकांसाठी जुनी आगगाडी सुरू होणार होती. एकेकाळी खनिज ओढणारं इंजिन, मागं रंगवलेले दोन डबे, डब्यांत शाळेची चाळीस मुलं, पुढं आडवी लाल फीत. मंत्री अकराला यायचे होते, ते सव्वा वाजता आले. इंजिनाला हे कुणी कळवलं नव्हतं. ते अकराच्या हिशेबानं तापलं होतं.

रुद्रेश धावत आला. हा कार्यक्रमाचा ठेकेदार, पणजीचा. पायांत पांढरे बूट. खाणीत पांढरे बूट!

"सगुणबाब, हा आवाज आधी बंद करा."

सगुण फिटरनं ह्या इंजिनात तीन वर्षं घातली होती. बॉयलरची एकेक नळी स्वतःच्या हातानं बदलली होती. आज ते पहिल्यांदा धावणार होतं. वाफ उतरावी म्हणून भट्टीचं दार त्यानं उघडं टाकलं होतं, बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरून घेतला होता. आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"वाफ ज्यास्त झाली की झडप आपसूक उघडता," तो म्हणाला. "ती तेच्याचसाठी आसा. एक फेरी मारून आणू? वाफ खर्च जातली, गप बसतला."

"फीत कापायच्या आधी? वेड लागलंय?"

"मग भाषण आटपूक सांग."

रुद्रेशनं मंचाकडं बघितलं. हे सांगायची त्याची छाती नव्हती. "दहा मिनिटं झडप बांधून ठेवता येत नाही का?"

"ह्येचा तोंड बांधलास तर पोट फुटतला. तुका तोंड बांधूचाच आसात तर थंय मंचावर जा."

पहिल्या डब्यातली मुलं खिदळली. रुद्रेश हसला नाही.

सगुण खाली उतरून पलीकडच्या चाकांना तेल देत होता, तेव्हा आवाज थांबला. एकदम.

"बघा," मंचावरून मंत्री म्हणाले, "इंजिनसुद्धा माझं ऐकतं." मांडव हसला. टाळ्या पडल्या.

सगुणच्या हातातली तेलाची बुधली तशीच राहिली. त्यानं वर पाहिलं. झडपेच्या दांड्याला बायंडिंगची तार आवळलेली होती, चांगले चार वेढे. तो धडपडत वर चढला. वाफेचा काटा लाल रेघ ओलांडून गेला होता आणि अजून पुढंच सरकत होता.

"कोणी बांधली ही?"

"आमच्या मांडववाल्या प्रवीणनं," रुद्रेश खालून म्हणाला. "मी सांगितलं त्याला. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

तार तोडायला पकड हवी होती. सगुणची हत्यारं सकाळीच खोलीत घालून कुलूप लावलं होतं, फोटोत घाण दिसतात म्हणून. दुसरी पकड प्रवीणच्या खिशात होती, आणि प्रवीण मांडवामागं पाव-भाजी खात होता.

"भुरग्यांका खाली उतरव!" सगुण ओरडला.

डब्याच्या दारात गौरवी टीचर उभी होती. तिनं रुद्रेशकडं पाहिलं. फोटो होईपर्यंत एकही मूल उतरता कामा नये, असं तिला बजावून ठेवलं होतं.

सगुणनं पुन्हा सांगितलं नाही. लोखंडी आकडा घेऊन त्यानं भट्टीतला सगळा विस्तव खाली रुळांमध्ये ओढून पाडला. मग बॉयलरच्या बुडाचा, रुळांपलीकडच्या खाणीच्या खंदकाकडं तोंड असलेला नळ धरला. तापलेला बॉयलर असा रिकामा केला की पत्रा आकसतो, नळ्या सुटतात. तीन वर्षं. त्याचा हात नळावर क्षणभर थांबला. मग त्यानं नळ शेवटपर्यंत फिरवला.

खाणीत असा आवाज सुरुंगानंतर झाला नसेल. पांढरा ढग खंदकावरून वळून मांडवात शिरला. मंच गेला, बॅनर गेला, मंत्री गेले. सात-आठ मिनिटं गोव्याचा पर्यटन विकास कुणाला दिसत नव्हता.

ढग विरला तेव्हा काटा शून्यावर होता.

"उद्यापासून येऊ नकोस," रुद्रेश म्हणाला. मग रुळांचा उतार बघून, "आज ब्रेक मात्र तूच धर."

कार्यक्रम काही थांबला नाही. थांबतो कशाला? खाणीवरून कमी केलेले कामगार गर्दी भरायला बसनं आणलेले होते. त्यांतले तीस-चाळीस उठवून गाडीमागं लावले. खाण बंद पडल्यापासून त्यांना इथं पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

फीत कापली. मंत्री इंजिनात चढले. फोटोग्राफर खालून ओरडला, "काका, खाली बसा, मध्ये येताय."

सगुण ब्रेक धरून खाली बसला.

"जोर लावा रे!" मागून कुणीतरी म्हणालं. गाडी करकरली आणि हलली. मंत्र्यांनी शिट्टीची दोरी ओढली. काही वाजलं नाही. त्यांनी परत ओढली. सगुणकडं पाहिलं. सगुण काट्याकडं बघत होता.

मंत्र्यांनी घसा खाकरला, खिडकीतून बाहेर वाकले आणि तोंडानंच म्हणाले, "कूऽऽ!"

अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. ढकलणाऱ्यांचे हात तेवढे मोकळे नव्हते.