नऊ नंबरचा नियम

सकाळी पाच पन्नासला पहिली बस गेटवर आली आणि बॅरिअर वर गेला नाही.

आखातातल्या सित्रा बेटावरच्या या केबल कारखान्यात कामगारांच्या सात बसगाड्या रोज सात मिनिटांत आत जात. गार्ड हात हलवी, ड्रायव्हर हात हलवी. त्या मंगळवारी हेडगार्ड रहिमतुल्लाने प्रत्येकाला खाली उतरवलं. कार्ड हातात घ्यायचं, फोटो पाहायचा, तोंड पाहायचं, रजिस्टरमध्ये नंबर लिहायचा. मग पुढचा.

"चाचा, फोटो में मूछ है, अभी नहीं है," एक फिटर म्हणाला. "वापस भेजेगा क्या?"

"मूछ आने तक बाजू में ठहर."

रांग हसली. रहिमतुल्ला हसला नाही. त्याने फिटरचा नंबर लिहिला आणि त्याला आत सोडलं.

सव्वासहापर्यंत तीन बस झाल्या होत्या. चौथीच्या मागे उरलेल्या तीन, मग पाण्याचा टँकर, मग जनरल मॅनेजरची पांढरी गाडी.

त्याच वेळी आतल्या बाजूने पर्सोनेल ऑफिसर शिरीषची गाडी गेटशी आली. मागच्या सीटवर मांडीवर बॅग घेऊन खिजर बसला होता. कालपर्यंत तो याच गेटवर गार्ड होता आणि रात्री आतल्या गार्ड क्वार्टर्समध्येच झोपला होता. त्याचा पासपोर्ट आणि नऊ चाळीसच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट शिरीषच्या खिशात होतं. खिजर विमानात बसला की त्याचा व्हिसा रद्द होणार होता.

खिजरच्या हातात पडलेली नोटीस चार ओळींची होती. एक वेल्डर मनामातल्या खोलीवर कार्ड विसरला. खोलीतल्या सोबत्याने ते टॅक्सीने आणून त्याच्या हातात दिलं. खिजरने कार्ड पाहिलं आणि वेल्डरला आत सोडलं. नियम नऊ: कार्ड ज्याचं त्याच्याजवळच असावं, दुसऱ्याने आणून दिलेल्या कार्डावर प्रवेश देणाऱ्या गार्डला कामावरून काढण्यात येईल.

असं याआधीही अनेकदा झालं होतं. नोटीस कोणाला आली नव्हती. पण गेल्या महिन्यात अठरा गार्डांनी एका कागदावर सह्या केल्या होत्या: आमच्या वतीने रहिमतुल्ला आणि खिजर बोलतील. युनियनला त्या काळी देशात परवानगी नव्हती आणि कागदावर तो शब्दही नव्हता. कागद उत्तराशिवाय परत आला. त्यानंतर नोटीस आली.

शिरीष गाडीतून उतरला. "रहिमतुल्लाभाई, आम्हाला सोडा आधी. एअरपोर्टला उशीर होतोय."

"तुमचं कार्ड आहे साहेब, तुम्ही जा. खिजरचं कार्ड?"

"ते काल मी जमा करून घेतलं. तुमच्यासमोरच."

रहिमतुल्लाने केबिनच्या काचेवर चिकटवलेल्या नियमांवर बोट ठेवलं. "चार नंबर."

शिरीषने वाचलं नाही. नियम टाईप करून घेतले तेव्हा त्यानेच तपासले होते. कार्डाशिवाय कोणीही आत येणार नाही, कोणीही बाहेर जाणार नाही, हुद्दा काहीही असो. खाली जनरल मॅनेजरची सही होती.

"अहो, तो आता कंपनीचा माणूसच नाही."

"मग रात्रभर आत कसा ठेवलात?"

गाडीची काच खाली आली. "चाचा, जाऊ दे ना," खिजर म्हणाला. "तुमचा पन तिकीट काढतील."

"तू गप बस. बॅग खाली ठेव, पाय आखडतील."

जनरल मॅनेजर गाडी सोडून चालत आला आणि बॅरिअरच्या बाहेर उभा राहिला. दुसरा गार्ड नजीब बॅरिअरपाशी होता. मॅनेजरने त्याला बोटाने वर करायची खूण केली. नजीबने रहिमतुल्लाकडे पाहिलं, मग समोर.

"कार्ड, सर."

"हा संप आहे का?" मॅनेजरने इंग्रजीत शिरीषला विचारलं.

उत्तर रहिमतुल्लाने दिलं. "नो स्ट्राइक, सर. ड्यूटी."

मॅनेजरने खिसे चाचपले नाहीत. त्याचं कार्ड सहा वर्षांपासून ऑफिसच्या टेबलात पडून होतं. या गेटवर त्याला ते कोणी मागितलं नव्हतं.

"वरचा ड्रॉवर," तो शिरीषला म्हणाला. "घेऊन ये."

शिरीष गेला. जाताना भरभर गेला, येताना सावकाश आला. सहा पन्नासला तो बॅरिअरशी पोचला तेव्हा कार्ड त्याच्या मुठीत होतं. पाचव्या बसमधले लोक कार्डं काढायचे थांबून बघत होते.

रहिमतुल्लाने रजिस्टरचं पान उलटलं आणि पेन हातात घेतलं.

"द्या साहेब त्यांच्या हातात. आमी सोडतो आत," तो म्हणाला. "पन मग मला आणि नजीबला आजच नोटीस द्या, खिजरला दिली तशीच. त्याच गाडीत बसतो दोघं. नाय तर त्याची परत घ्या. नऊ नंबर सगळ्यांना एकच आहे."

"काय म्हणतोय तो?" मॅनेजरने विचारलं.

शिरीषने सांगायला तोंड उघडलं. मॅनेजरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. विमानतळ चाळीस मिनिटांवर होता.

"शिरीष. कार्ड."

सात वाजून पाच मिनिटं झाली. रांग राउंडअबाउटच्या पलीकडे गेली होती आणि मागून हॉर्न सुरू झाले होते. खिजर गाडीतच होता. बॅग त्याने पायाशी ठेवली होती. जनरल मॅनेजरचा हात बॅरिअरवरून आत आला होता, तळवा वर करून. त्यावर अजून कोणी काही ठेवलं नव्हतं.