नुसते सोळा

"सोळाचे तीन चतुर्थांश किती?" कांचेवसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सेव्दा खुर्चीच्या कडेला बसली होती. नऊ वर्षांची पोर, पाय जमिनीला टेकत नव्हते. टेबलापलीकडे समितीचे अध्यक्ष कांचेवसाहेब आणि त्यांचा कारकून. मागे भिंतीशी तिच्या वर्गाच्या रायनाबाई. त्यांना बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

"कसले सोळा?" सेव्दानं विचारलं.

"कसलेच नाहीत. नुसते सोळा."

"नुसते सोळा कुठे असतात?"

कारकून फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी फुली मारली. ही पाचवी. सहावी पडली की सेव्दाला नदीपलीकडच्या शाळेत जावं लागणार होतं. मंद मुलांची शाळा. तिच्या रोमा मोहल्ल्यातली, म्हणजे भटक्या जमातीच्या वस्तीतली, निम्मी पोरं तिकडेच होती. तिचा थोरला भाऊ सातव्या वर्षी तिकडे गेला. आता पंधराचा झाला, तरी त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

"साहेब, तिच्या नळ्या तिला द्या," रायनाबाई न राहवून बोलल्या. "मग विचारा."

विजेच्या तारा ज्यातून नेतात तसल्या प्लास्टिकच्या नळ्या. शाळेची दुरुस्ती झाली तेव्हा उरलेल्या. हिवाळाभर रायनाबाईंच्या वर्गानं त्या करवतीनं कापल्या, एका तोंडाला बुचं बसवली आणि पावे केले. सेव्दानं तर चौदा कापले. पहिले सहा बेसूर झाले. तिनं ते फेकले नाहीत, पट्टी लावून मोजले. आता ते सगळे पिशवीत होते, आणि पिशवी दाराबाहेर.

"परीक्षेत वस्तू चालत नाहीत," साहेब म्हणाले. "आणि बाई, एकदाच सांगतो. पुन्हा बोललात तर तुम्हीही पिशवीजवळ."

"मग मी तिथून ओरडेन."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी शेवटच्या फुलीसाठी पेन उचललं.

सेव्दा खुर्चीवरून उतरली. साहेबांच्या पुढ्यात एक छापील कागद होता. त्यावर वरपासून खालपर्यंत आकडे घातलेल्या ओळी होत्या आणि त्या भरलेल्या होत्या. आल्यापासून ती त्या उलट्या बाजूनं मोजत होती. तिनं कागद उचलला, अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा दुमडला, घडीवर नख ओढलं. मग खालची पट्टी टर्रकन फाडली आणि ती तशीच हातात धरून उरलेला तुकडा साहेबांसमोर ठेवला.

"बारा."

"अगं, हा अर्ज आहे!" कारकून उभाच राहिला. "सरकारी अर्ज!"

"सोळा ओळी होत्या. चारातला एक भाग काढला. मोजा की."

"फाडाफाडी कुणालाही येते," साहेब म्हणाले.

"बरं, मग ऐका." सेव्दाचा आवाज आता चढला होता. "सोळाची नळी फुंकली की घर, म्हणजे गाणं जिथून निघतं तो सूर. बाराची फुंकली की जरा वरचा सूर. आठची फुंकली की परत घर, पण माडीवरचं. पाच फुटांची नळी घेऊन तिचे असेच भाग केले तरी हेच होतं. मी करून बघितलंय. तुम्ही केलंय का?"

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खरोखरच ओळी मोजल्या. कारकुनानंही वाकून मोजल्या. बाराच होत्या.

सेव्दाच्या हातातली पट्टी तळाची होती. तिच्यावर शेवटच्या चार ओळी, आणि सोळाव्या ओळीवर सही. हाताचं अक्षर तिला जड जायचं, पण हे वळण तिच्या ओळखीचं होतं. रोज फळ्यावर बघितलेलं. ती बोट ठेवून वाचू लागली. "मुलगी... शिकू शकत नाही... नदीपलीकडे... रा-य-ना..."

ती थांबली. मागे वळून बाईंकडे बघत राहिली. पाचही फुल्यांना तिचा चेहरा असा उतरला नव्हता.

"माझीच सही आहे," रायनाबाई म्हणाल्या. त्या उठून तिच्यापाशी आल्या, गुडघ्यांवर बसल्या. "सप्टेंबरात केली. तेव्हा मी तुला नुसते प्रश्न विचारत होते, सेव्दा. तू गप्प बसायचीस आणि मला वाटायचं, हिच्या डोक्यात काही नाही. तुझ्या हातात करवत दिली तेव्हा कुठे मला कळलं. तीनदा अर्ज मागे मागितला."

"मागे देता येत नाही," साहेब म्हणाले. आवाज मात्र खाली आला होता. "ठीक आहे. बारा म्हणजे बारा. मुलगी तुमच्याच वर्गात राहील, तसं लिहितो. पण वरून मला विचारतील. एवढी समिती बसवली, गाडी पाठवली, ती कशासाठी? मंद कोण, या रकान्यात काहीतरी तर लिहायला हवं!"

रायनाबाई उठल्या. एक हात सेव्दाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्यानं टेबलावरचं पेन साहेबांच्या पुढे सरकवलं.

"लिहा ना," त्या म्हणाल्या. "रायना बोझकोवा. शिक्षिका."