नुसती खोकी नकोत

"ताई, पॅकिंगची खोकी करून द्या, म्हणजे आमचा वाटा भरला," खरेदी विभागाचे देवधर म्हणाले.

त्यांची कंपनी सरकारी संशोधनासाठी समुद्रतळाचे भूकंप टिपणारं यंत्र बनवत होती. त्यातला चौथा वाटा लहान कारखान्यांना द्यायची सरकारची अट होती. मोठ्या कंपन्यांची रीत ठरलेली: यंत्र आपण करायचं, लहानांच्या अंगावर खोकी, बॅनर अन् चहाचं कंत्राट फेकायचं आणि 'उद्दिष्ट पूर्ण' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. यंदा वाटा भरायला एक लहान कारखाना कमी पडत होता. महिनाअखेर वाटा भरला नाही, तर देवधरांची खुर्ची जाणार होती.

समोर बसलेल्या रजनी गजभारेंच्या सातपूरच्या लहानशा कारखान्यातली मशिनं कामावाचून उभी होती. तरी बाई उठल्या. "खोकी नकोत, साहेब. यंत्राचं कवच द्या, नाहीतर राहू द्या."

"अहो, कवचात पाणी शिरलं तर सगळं संशोधन बुडालं! जबाबदार कोण?"

"मी. चारचौघांत माझं नाव घेऊन शिव्या द्या," बाई म्हणाल्या. "खोकं फाटलं तर शिवी द्यायलासुद्धा कुणी नाव विचारत नाही."

त्या दाराकडे निघाल्या. वाटा मागणारे देवधरांनी पुष्कळ पाहिले होते. दोषही आपल्याच नावावर मागून घेणारं माणूस आज पहिलंच भेटलं होतं.

"गजभारे मॅडम, थांबा!" त्यांनी कपाटातून कवचाचं ड्रॉइंग काढलं, लगबगीनं दार गाठलं आणि दोन्ही हातांनी ते बाईंपुढे धरलं.