हातभर मावशी

बाटली मावशींच्या पिशवीतून निघाली, तीही सगळ्यांच्या देखत.

खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, आणि तिच्यात प्रयोगशाळेतलं पिवळं जंतुनाशक गळ्यापर्यंत भरलेलं. झाकण नीट बसलं नव्हतं. पिशवीतून फरशीवर ओघळ आला म्हणून कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता.

आणि दिवस कोणता, तर आनंदाचा! सकाळी सातला ओल्या अस्तराच्या तुकड्यावर लावलेली नखाएवढी पट्टी दुपारी तीन वाजले तरी जागची हलली नव्हती. बायकांना पुन्हा पुन्हा होणारी ती खाज, लघवीची जळजळ, ज्याबद्दल बाई सख्ख्या बहिणीशीसुद्धा बोलत नाही, ते दुखणं मुळात होऊच नये म्हणून ही पट्टी. योनीच्या आतल्या ओल्या अस्तराला चिकटून बसायचं, सावकाश विरघळायचं आणि चांगले जंतू सोडत राहायचे, एवढंच तिचं काम. पण बाकीचे जंतू पट्टीत दोन तासांत मान टाकायचे. सात नंबरच्या नमुन्यातले तेवढे चिवट. ते आठ तासांनंतरही जिवंत होते, आणि हे संशोधन चालवणाऱ्या मॅडम अगदी हवेत होत्या.

त्या हवेतून खाली आल्या. आजच चोरी करायचं सुचलं का, असं त्यांनी मावशींना चारचौघांत विचारलं.

मावशी इथली काचेची भांडी धुणाऱ्या. नोकरीला अकरा वर्षं झालेली. सगळे त्यांना हातभर मावशी म्हणत, कारण त्या कुणापासूनही हातभर लांबच. डबा खायला वेगळा कोपरा. कुणी आपलं बाळ दाखवायला आणलं, तर हात पाठीमागे बांधून लांबूनच ‘गोड आहे हो’ म्हणणार. पूर्वी बऱ्या होत्या, पण गेल्या काही वर्षांत भारी तुसड्या झाल्यात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं. टेबलावर ती पट्टी होती, संध्याकाळी पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली. हे घरी कशाला लागतं, फरशी पुसायला? मावशींनी मान हलवली. मग संडासात टाकायला? तेही नाही. शेवटी टेबलाच्या कडेकडे बघत त्या पुटपुटल्या, अंगाला लागतं. खालच्या बाजूला. पाण्यात घालून रोज धुते.

मॅडमच्या अंगावर काटा आला. ते काचेला लावायचं म्हटलं तरी हातमोजे घालावे लागत. किती दिवस हे चाललंय? पाच वर्षं. जळजळत नाही? जळजळतं की. आधी नव्हती ती खाजही आता थांबत नाही. मॅडमचा तोल गेला. अकरा वर्षं शिकल्यासवरल्या माणसांत वावरताय, एवढंसुद्धा कळू नये? कुणी सांगितलं हे करायला?

“तुम्हीच,” मावशी म्हणाल्या.

मी? कधी सांगितलं? मॅडमनी विचारलं.

“पाच वर्षांपूर्वी बावीस बायकांचा खालचा नमुना घेतलात, कापसाच्या बोळ्याने. सगळ्यांना एकदाच बोलावलंत, मला तीनदा. तिसऱ्यांदा तर तुम्ही आणि नमुना घेणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलत होतात. वाईट निघाल्याशिवाय कुणी तीनदा बोलावतं का?”

मॅडमना सगळं आठवलं. नमुन्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. कुणाचा नंबर कुठला, ते बाहेर कुणाला सांगायचं नाही हा नियम, आणि तो त्यांनी कसोशीने पाळला होता. पण जिचा नमुना तिलाच सांगू नका, असं नियमात कुठेही नव्हतं. आधी घाई होती, मग कामं निघाली, मग विसरूनच गेल्या. आणि ही बाई पाच वर्षं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होती. नळ सोडलेला असायचा, पाठ यांच्याकडे असायची. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकांनी या दुखण्याची लाज बाळगू नये, यावर त्या गावोगावी भाषणं देत होत्या.

त्यांनी मावशींचा हात धरला. मावशींनी तो सवयीने सोडवून घेतला.

“मावशी, सात नंबर तुमचा आहे,” मॅडम म्हणाल्या. “एवढे चांगले जंतू कुणाचेच निघाले नाहीत. खरं वाटेना, म्हणून खात्री करायला पुन्हा पुन्हा बोलावलं. तुम्हाला काहीही झालं नव्हतं.”

मावशींनी टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. सात नंबरच्या बाटल्या त्या नेहमी सगळ्यांत शेवटी आणि दोन-दोनदा घासत. त्यांच्यातले जंतू भारी चिवट, असं त्यांनी ऐकलं होतं.

मॅडम बोलतच होत्या. आता जे होतंय ते या जंतुनाशकामुळे, चांगले जंतू त्यानेच मेले असणार, उद्याच तपासू, सगळं बरं होईल, चूक माझी आहे. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या.

“नात साडेचार वर्षांची झाली,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तिला मांडीवर घेतलं असतं, तर चाललं असतं?”