चौथा दिवस

मूल तीन दिवस शाळेत आलं नाही, की चौथ्या दिवशी बाई त्याच्या दारात हजर. "काय गं, शाळेवर रुसलीस?"

त्याच दारांनी बाईंना मतं दिली. बाई मंत्री झाल्या. कमी पटाच्या शाळा बंद करण्याच्या आदेशावर त्यांनीच सही केली. यादीत त्यांची जुनी शाळाही होती.

पुढच्या निवडणुकीला बाई पुन्हा त्या गल्लीत आल्या. एका ओळखीच्या दारात थांबल्या.

"अगं, तुझी चिमणी दिसत नाही?"

"धुण्याभांड्याला जाते. नवी शाळा लांब पडते," आई म्हणाली.

आईने दारातल्या पायरीकडे बोट दाखवलं.



"शाळेला कुलूप लागलं ना, त्याच्या चौथ्या दिवशी ती दप्तर घेऊन दिवसभर या पायरीवर बसली होती. म्हणाली, आज बाई येतील."