डावा अंगठा

हणमंताने ड्रिलच्या बिटाला, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाला, जडवलेल्या हिऱ्याच्या दातांवरून उजवा अंगठा फिरवला, मान डोलवली आणि सवयीने बिट डावीकडे पुढे केलं. घ्यायला कुणी नव्हतं. त्याचा जोडीदार यल्लाप्पा याला वारून तीन महिने झाले होते.

सव्वीस वर्षं दोघांची एकच रीत होती. बिट खडकात सोडण्याआधी दोघांचेही अंगठे त्यावरून फिरायचे. हणमंताला उभ्या दातांचं बिट आवडायचं, कारण ते भराभर कापत जातं. यल्लाप्पा दर वेळी आडवा यायचा. "काळा दगड हाय बाबा, उभा दात उडंल. मागं कललेला लाव, सावकाश जाईल पण टिकंल." मग भांडण जुंपायचं आणि शेवटी हणमंताचंच चालायचं, कारण मशीनचा दांडा त्याच्या हातात असायचा.

आज त्याला अडवणारं कुणीच नव्हतं. बाकीची माणसं जेवायला डोंगराखाली उतरली होती. हणमंताने बिट डाव्या हातात घेतलं, त्यावरून डावा अंगठा फिरवला आणि स्वतःशीच पुटपुटला, "उभा दात उडंल." मग ते खाली ठेवून त्याने कललेल्या दातांचं बिट चढवलं.

संध्याकाळी खडकाचा नमुना वर आला. चांगला हातभर लांब, कुठेही न मोडलेला. बिटाचा एकही दात उडाला नव्हता. हणमंताने त्या दातांवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग डावीकडे वळून चिडून म्हणाला, "तुझंच बरोबर निघालं की! आन् आता गप बसतोस व्हय?"