अकरा जणींची आई

नीतिशिक्षणाच्या पुस्तकात कन्फ्यूशियसचा मातृसेवेचा धडा आला आणि फान सरांनी आठवीला गृहपाठ दिला: आईचे पाय धुवा, फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाका, दहा गुण मिळवा. चीनच्या हूनान प्रांतातल्या या शाळेच्या वसतिगृहात अकरा मुली अशा, की त्यांच्या आया दूर दक्षिणेत कारखान्यांत राबतात आणि फक्त नववर्षाला घरी येतात. आईची सेवा शिकवायला निघालेल्या शहाण्यांना, आई घरी आहे का, एवढं विचारायचं सुचलं नाही.

सोमवारी अधिकाऱ्यांची तपासणी होती आणि अकरा फोटो कमी पडत होते. मग सरांनी खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या ताओ मावशीला खुर्चीत बसवलं आणि पुढ्यात पाण्याचा टब ठेवला.

"सर, ही माझी आई नाही," त्या अकरा जणींतली रुइलिन अडून बसली. "मी आजीचे धुते. तिनंच वाढवलंय मला."

"पुस्तकात आई छापलंय. आणि पायांवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का? फोटोत चेहरा घेत नाही मी. धू, नाहीतर शून्य!"

"धू गं पोरी," मावशी हसली. "सकाळपासून आठ लेकी झाल्या मला. पाय पार सुरकुतले."

रुइलिननं डोळे पुसले आणि पाय धुतले.



संध्याकाळी मावशीच्या फोनवर, लांबच्या गावी शिकणाऱ्या तिच्या लेकीच्या शाळेतून एक फोटो आला. 'मातृभक्ती, दहापैकी दहा' असं त्यावर लिहिलं होतं, आणि तिची लेक मान खाली घालून कुणा परक्या बाईचे पाय धूत होती.